एका ठोक्याची शांतता

मेट्रोनोम मिनिटाला १४० ठोक्यांवर लावा आणि डबस्टेपचा, म्हणजे लंडनमध्ये जन्मलेल्या बेसप्रधान इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा, कुठलाही जुना ट्रॅक वाजवा. बोटं लगेच १४० ला जाऊन मिळतात, कारण हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, तिथेच टिकटिकत असते. मान मात्र ७० ला हलते. एकाच अंगात दोन लयी शिरतात आणि दोन्ही खऱ्या असतात. तबलजी याला ठाय आणि दुगुन म्हणेल, त्यात त्याला फारसं नवल वाटणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा कडकडत असतो आणि ढोल मोजून पडत असतो, तेव्हा आपली बोटं ताशाकडे आणि पाय ढोलाकडे जातातच की.

डबस्टेपने पुढची खोडी केली. ढोलाचे ठोकेसुद्धा कमी केले. १४० च्या वेगात एक ठोका ०.४३ सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन १.७१ सेकंदाचं. त्यात पहिल्या ठोक्यावर किक (खर्जातला मोठा ड्रम), तिसऱ्यावर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम). बस्स. एका स्नेअरपासून पुढच्या स्नेअरपर्यंत जवळजवळ पावणेदोन सेकंद जातात. हाउस या क्लबातल्या नाचसंगीतात तेवढ्या वेळात किक तीन-चारदा येऊन गेलेली असते. ही जागा मोकळी सोडली ती बेससाठी, म्हणजे खर्जातल्या सुरांसाठी. खालच्या सुराला वेळ लागतो हो! ४३ हर्ट्झच्या सुराचं एक आंदोलन पूर्ण व्हायलाच २३ मिलिसेकंद लागतात, आणि कानाला सूर ओळखू यायला अशी चार-पाच आंदोलनं तरी हवीत. ठोक्यांची गर्दी असेल तर हा सूर उभा राहायच्या आतच पुढची किक त्याच्या डोक्यात बसते.

म्हणून ‘जोरदार डबस्टेप’ म्हटलं की लोक जी भरगच्च, कर्णकर्कश गोष्ट डोळ्यांपुढे आणतात ती अर्धीच खरी. या संगीताचा जोर काय काय काढून टाकलंय यावर चालतो. आणि हे समजून घ्यायला मॅग्नेटिक मॅन या त्रिकुटासारखा नमुना नाही.

दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडन नावाचं उपनगर आहे. तिथल्या सरे स्ट्रीटवर भाजीबाजार भरतो आणि त्याच रस्त्यावर ‘बिग ॲपल रेकॉर्ड्स’ नावाचं तबकड्यांचं दुकान होतं. काउंटरवर हॅचा नावाचा डीजे, वरच्या मजल्यावर आर्थर स्मिथ ऊर्फ आर्टवर्कचा स्टुडिओ, आणि दुकानात पडीक असलेली शाळकरी पोरं. त्यांतला एक ऑलिव्हर जोन्स, म्हणजे स्क्रीम. दुसरा अडेगबेंगा अडेजुमो, म्हणजे बेंगा. दोघांचा जन्म १९८६ चा. स्क्रीम फ्रूटी लूप्स या स्वस्तातल्या सॉफ्टवेअरवर घडला. बेंगाने तर सुरुवात केली ती प्लेस्टेशनवरच्या, संगीत जुळवायच्या एका गेमपासून. त्यांच्या कानावर होतं यूके गराज. नाचरं, लाडिक, गायिकेच्या आवाजाने नटलेलं. या पोरांनी त्यातली गायिका काढली, लाडिकपणा काढला, पुढे लोफा या निर्मात्यासारख्यांनी तर निम्मे ठोकेही काढले, आणि उरला तो अंधार मोठा केला. २००१ मध्ये सोहोतल्या वेल्वेट रूम्समध्ये ‘फॉरवर्ड’ नावाच्या रात्री सुरू झाल्या, त्या पुढे शोरडिचच्या प्लास्टिक पीपल या क्लबमध्ये गेल्या. जवळजवळ काळोख आणि शहरातल्या उत्तम साउंड सिस्टिमपैकी एक, एवढंच तिथे होतं. दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनला २००५ पासून डीएमझेड या मंडळींच्या रात्री भरू लागल्या, त्याही एका चर्चच्या इमारतीतल्या क्लबात. बेसच्या वजनावर ध्यान लावायला या, असं त्यांचं आवतण असायचं. हे उगाच केलेलं शब्दचित्र नव्हतं. तिथे पुष्कळजण नाचण्यापेक्षा उभेच असत.

२००५ च्या स्क्रीमच्या ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’ने हे प्रकरण क्रॉयडनबाहेर नेलं. नंतर स्क्रीम, बेंगा आणि आर्टवर्क तिघांनी मिळून मॅग्नेटिक मॅन उभं केलं. सुरुवातीच्या दौऱ्याला इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलचं अनुदान मिळालं होतं, ही मला या कथेतली सर्वांत मजेदार तपशिलाची गोष्ट वाटते. भाजीबाजारातल्या दुकानापासून सरकारी कलानिधीपर्यंतचा प्रवास पाच-सात वर्षांत! २०१० च्या जुलैत अँजेला हंट यांनी गायलेलं ‘आय नीड एअर’ आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच नावाचा अल्बम आला, तो पाचव्यावर. त्यात गायला केटी बी आहे, मिस डायनामाइट आहे, शेवटी तर चक्क जॉन लेजंड आहे. सुरुवात होते ती तंतुवाद्यांनी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चुकीचा अल्बम लागलाय असं वाटावं इतकी ती सुरुवात सोज्वळ आहे.

आता त्या प्रसिद्ध ‘वाँव-वाँव’कडे येऊ. वॉबल, म्हणजे डबस्टेपचा हेलकावणारा बेस. हा आवाज कसा होतो ते कळायला यंत्र लागत नाही. ‘ऊ’ म्हणायला लागा आणि सूर न बदलता हळूहळू जबडा उघडत ‘आ’वर जा, मग परत ‘ऊ’. ओठ मिटलेले असताना आवाजातला वरचा, चमकदार भाग अडतो, उघडले की सुटतो. तुमचा गळा म्हणजे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग), ओठ म्हणजे लो-पास फिल्टर (वरचा भाग अडवणारा), आणि जबडा हलवायचा वेग म्हणजे एलएफओ (फिल्टरला हेलकावे देणारी सावकाश लाट). डबस्टेपचा वॉबल यापेक्षा तत्त्वतः वेगळा नाही. इथे एक गल्लत नेहमी होते. तबल्याच्या बायाँवर तळहाताच्या टाचेने घिस्सा मारतात त्याच्याशी लोक याची तुलना करतात. घिश्श्यात सूर चढतो-उतरतो, आवाजाचा पोत बराचसा तोच राहतो. वॉबलमध्ये सूर जागचा हलत नाही, पोत हलतो. बायाँची खरी भावंडं म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारे बेसचे तुकडे, आणि तेही या संगीतात पुष्कळ आहेत.

लॅपटॉपवर करायचं तर असं. सिंथमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन ऑसिलेटर घ्या, दोन्ही सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट), दुसरा पहिल्यापेक्षा ७ सेंट वर (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). पुढे २४ डेसिबल उताराचा लो-पास फिल्टर, कटऑफ (जिथून वरचं अडायला लागतं ती सीमा) १५० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (त्या सीमेवरचा उठाव) पाव भाग. मग त्या कटऑफला एलएफओ बांधा, असा की उघडला की तो दीड-दोन हजार हर्ट्झपर्यंत जाईल. एलएफओ गाण्याच्या वेगाला जोडलेला हवा. १४० ला एका ठोक्यात दोन हेलकावे म्हणजे सेकंदाला ४.६७, तीन म्हणजे ७, चार म्हणजे ९.३३. सगळी करामत या तीन आकड्यांमधून इकडून तिकडे उड्या मारण्यात आहे. एकाच वेगाचा वॉबल चार आवर्तनं चालला की तो पंपासारखा वाटायला लागतो. पहिले दोन ठोके दोनच्या चालीने, तिसरा तीनच्या, चौथ्यावर एकच सावकाश उघडणारा हेलकावा, असं एक आवर्तन बांधून बघा. तिसऱ्या ठोक्यावर चतुरस्रातून तिस्रात, म्हणजे दोन-चारच्या चालीतून तीनच्या चालीत, गेल्याचा जो झटका बसतो, तो डोक्याआधी खांद्यांना कळतो.

मग चुका सुरू होतात. पहिली हमखास चूक एलएफओच्या सुरुवातीची. प्रत्येक सुराबरोबर तो शून्यापासून सुरू व्हायला हवा, त्यासाठी सिंथमध्ये रीट्रिगर नावाचं बटण असतं. ते बंद राहिलं तर हेलकावा स्वतःच्याच तंद्रीत फिरत राहतो. एक सूर ‘वाँ’ने सुरू होतो, दुसरा ‘उंव’ने, आणि ताल बरोबर असूनही सगळं प्यायल्यासारखं लागतं. दुसरी चूक विकृतीच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, जागेची. ते फिल्टरच्या आधी लावलं तर फिल्टर त्याची धार खाऊन टाकतो आणि आवाज गोल, जुन्या क्रॉयडनसारखा राहतो. नंतर लावलं तर प्रत्येक हेलकाव्याला गुरगुर येते. दोन्ही चालतं, पण कुठलं हवंय ते ठाऊक असायला हवं. रेझोनन्स फार वाढवला तर प्रत्येक उघडझापीत एक शिट्टी ऐकू येते आणि दहा मिनिटांत दात शिवशिवतात. बेसवर रीव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकला तर त्या कष्टाने मोकळ्या ठेवलेल्या पावणेदोन सेकंदांत चिखल होतो.

पण सगळ्यात महागात पडते ती शेवटची चूक: याच आवाजाकडून सब-बेसचंही, म्हणजे कानापेक्षा अंगाला जाणवणाऱ्या अगदी खालच्या बेसचंही, काम करून घेणं. ७ सेंटने विलग केलेले दोन सॉ ४३.६५ हर्ट्झला वाजवले, तर त्यांच्या पायाभूत सुरांत सेकंदाला ०.१८ चा फरक पडतो. म्हणजे साधारण साडेपाच सेकंदांनी एकदा ते एकमेकांना पूर्ण मिटवतात. वर सगळं झकास चाललेलं असतं आणि दर तीन-सव्वातीन आवर्तनांनी जमिनीखालचा मजला गायब होतो, परत येतो. हेडफोनवर हे कळतच नाही. क्लबात कळतं, तेही सगळ्यांना एकदम.

उपाय जुनाच आहे, दोन थर वेगळे करायचे. खालचा थर एकच साइन वेव्ह (अंशस्वर नसलेला शुद्ध सूर), मोनो (डावी-उजवीकडे सारखाच), ना फिल्टर हलतो, ना डिस्टॉर्शन, ९०-१०० हर्ट्झच्या वर काही नाही. वरचा थर म्हणजे तो वॉबल, त्याचं १०० ते १२० च्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापलेलं. दोन्ही एकच सुरावट वाजवतात. जोडणीच्या जागी एकाची ध्रुवता (लाटेची वर-खाल) उलटी करून ऐकायचं, ज्या बाजूला बेस भरीव लागतो ती ठेवायची. सूरही कुठलेही घेऊन चालत नाही. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी चार आणि पांढरी पाच, पण मध्य सप्तकाच्या तीन सप्तकं खाली: ४१, ४४ आणि ४९ हर्ट्झ. पांढरी दोनच्या, म्हणजे ३७ च्या खाली उतरलं की बहुतेक क्लबांचे स्पीकर मान टाकतात. ५५ च्या वर गेलं की बेस ऐकू छान येतो, पण पोटात काही होत नाही. इतके डबस्टेप ट्रॅक ई, एफ, जी याच सुरांवर, म्हणजे या तीन पांढऱ्यांवर, का उभे आहेत, याचं कारण कुठल्या भावविश्वात शोधू नका. ते स्पीकरच्या खोक्यात आहे.

मॅग्नेटिक मॅनचं वेगळेपण मंचावर दिसायचं. तीन माणसं, तीन संगणक, तिन्ही एकाच घड्याळाला बांधलेले. एकाकडे ड्रम, एकाकडे बेस, एकाकडे सूर आणि बाकीचे आवाज. डीजे दोन तयार गाणी जुळवतो, इथे एकच गाणं तिघांत वाटून घेतलेलं असे. हे सांगायला सोपं आहे, करायला भयंकर. का ते जरा जवळून बघू.

संगणक आवाजाचे छोटे घास करून बाहेर सोडतो. ५१२ नमुन्यांचा (आवाजाच्या एकेका मोजमापाचा) घास ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला, तो ११.६ मिलिसेकंदांचा होतो. समजा ड्रमचा संगणक वेळेवर आहे आणि बेसचा एक घास उशिरा. ११ मिलिसेकंदांचा उशीर कुणालाही ताल चुकला असा ऐकू येत नाही. पण ४३ हर्ट्झच्या सुराचं अर्धं आंदोलन असतं बरोबर साडेअकरा मिलिसेकंदांचं! किकची शेपूट त्याच सुराच्या आसपास असेल, तर किक हवा पुढे ढकलत असते त्याच क्षणी बेस ती मागे ओढत असतो. दोघेही आपापल्या पडद्यावर जोरात वाजताना दिसतात आणि सभागृहात पहिल्या ठोक्याला पोकळी ऐकू येते. अशा वेळी आवाज वाढवला तर पोकळी आणखी मोठ्याने ऐकू येते, एवढंच. खरा इलाज म्हणजे तिन्ही यंत्रांवर एकच घास, मंचावर जाण्याआधी प्रत्येकातून एकेक टिचकी वाजवून ती एकाच ठिकाणी ध्वनिमुद्रित करायची, फरक मोजायचा, आणि जो पुढे आहे त्याला तेवढे मिलिसेकंद थोपवून धरायचं. दुसरा हिशेब पातळीचा. तीन सारखे आवाज एकाच क्षणी एकत्र आले तर बेरीज साडेनऊ डेसिबलने चढते. म्हणून प्रत्येकाने आपलं शिखर १०-१२ डेसिबल खाली ठेवायचं असतं. ड्रमवाल्याला हे मान्य करायला लावणं हे तंत्रज्ञानाचं काम नाही.

आणि मला वाटतं, त्या त्रिकुटाची गंमत याच अडचणीतून आली. एकटा निर्माता पडद्यासमोर बसला की थरावर थर चढवत जातो, थांबवणारं कुणी नसतं. तिघांत वाटणी झाली की प्रत्येकाला दुसऱ्यासाठी जागा सोडावीच लागते. त्या अल्बममधले चांगले ट्रॅक ऐकताना एका वेळी वाजणाऱ्या गोष्टी मोजा. चार, फार तर पाच. ठासून भरलेलं वाटतं, पण भरलेलं नसतं.

ड्रॉप म्हणजे चढणीनंतर ठोके आणि बेस एकदम कोसळतात तो क्षण. त्याचं गणितही वजाबाकीचंच आहे. साधारण रचना अशी: बत्तीस आवर्तनांची चढण, म्हणजे ५५ सेकंद. शेवटच्या आठ आवर्तनांत स्नेअर दुप्पट होतो, मग चौपट. त्याच वेळी सगळ्या मिश्रणावर हाय-पास फिल्टर चढत चढत २००-३०० हर्ट्झपर्यंत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं वर चाललंय, खरं तर खालून त्याची जमीन काढून घेतली जात असते. शेवटच्या आवर्तनाचा शेवटचा ठोका पूर्ण रिकामा. ०.४३ सेकंद. मग पहिल्या ठोक्यावर किक आणि सब एकदम.

तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. तिथून ‘धा तिं तिं ता’ म्हणताना बायाँ गप्प बसतो, पाच-सहा नाही, नेमक्या चार मात्रा, दहावीपासून तेरावीपर्यंत, आणि चौदाव्या ‘धिं’ला परत घुमतो. कुणी सांगितलं नाही तरी ऐकणाऱ्याला आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं, ते या बेस काढून घेण्यामुळे. डबस्टेपची चढण म्हणजे ही खाली जवळजवळ मिनिटभर ताणलेली. तिहाईशी तिची तुलना मला पटत नाही. तिहाई सम कुठे आहे हे तीनदा बजावून सांगते. इथे शेवटच्या ठोक्याला मुद्दाम काहीच सांगत नाहीत, म्हणून सम अंगावर येते. तो रिकामा ठोका भरायचा मोह नवशिक्यांना फार होतो. कुणाची आरोळी, कुठला तरी फटाका, झांजेची लांब शेपूट. झांजेची शेपूट तर हटकून विसरली जाते. आधीच्या ठोक्यावर वाजवलेली झांज दोन सेकंद घुमत राहते आणि शांतता होतच नाही. ती कात्रीने कापावी लागते. रीव्हर्बचीही.

याच सुमाराला, २०१० च्या ऑक्टोबरमध्येच, अमेरिकेतून स्क्रिलेक्स या निर्मात्याचा ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ आला आणि डबस्टेप या शब्दाचा अर्थच सरकला. रस्को आणि कॅस्पा या ब्रिटिश डीजेंनी २००७ पासून तो रस्ता आखायला घेतला होता. बेस वर आला, २०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान तिखट असतो. एफएम पद्धतीने (एका लाटेने दुसरीची कंप्रता हलवून) बनवलेले, स्वर उच्चारल्यासारखे ‘याय-याय’ करणारे आवाज. एकदा बनवायचे, ध्वनिमुद्रित करायचे, त्याच मुद्रणाला पुन्हा फिल्टरमधून पिळायचं, परत मुद्रित करायचं, चार-पाच फेऱ्या. कारागिरी प्रचंड आहे, हे मान्यच करावं लागेल. जुन्या मंडळींनी त्याला ब्रोस्टेप म्हणून नाकं मुरडली. त्यांची तक्रार मला निम्मीच पटते. हा पट्टा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येतो, सबचा येत नाही. ज्या पोरांकडे प्लास्टिक पीपल नव्हतं, त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरा मार्ग नव्हता. पण खालचा मजला रिकामा ठेवून वरच आरडाओरडा केला की चाळीस मिनिटांत कान थकतात, आणि थकलेल्या कानाला ड्रॉपही ड्रॉप वाटत नाही.

मॅग्नेटिक मॅन या दोन्हींच्या बरोबर उंबऱ्यावर उभं होतं. रेडिओवर वाजेल एवढं वर, क्रॉयडन विसरणार नाही एवढं खाली. तिथे फार काळ उभं राहता येत नाही. स्क्रीम काही वर्षांत डिस्को आणि हाउसकडे वळला, आणि त्या त्रिकुटाचा दुसरा अल्बम काही आला नाही.

ऐकायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण बहुतेकांनी हे संगीत ऐकलेलंच नसतं, फक्त त्याची वरची साय चाखलेली असते. मोबाइलचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. वरच्या थरातल्या अंशस्वरांवरून, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांवरून, मेंदू खालचा सूर कल्पनेने भरून काढतो, त्यामुळे चाल कळते, वजन कळत नाही. दुसरं म्हणजे, कान खालच्या सुरांना जात्याच मंद. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढा वाटायला ४० हर्ट्झच्या सुराला ८० च्या वर जावं लागतं. हळू आवाजात बेस आधी मरतो तो यामुळे.

खोलीचाही हात असतो. ४३ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ आठ मीटर. खोली चार मीटर, म्हणजे तेरा फूट लांब असेल, तर ही लाट दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी बसते आणि खोलीच्या मध्यावर तिचा दाब शून्याला येतो. आपल्याकडची कितीतरी बेडरूम याच मापाची. माणूस मधोमध टेबल मांडून बसतो, त्याला पांढरी चार ऐकूच येत नाही, तो बेस ६ डेसिबल वाढवतो, आणि तोच ट्रॅक बाहेर वाजला की स्पीकरचे कोन बाहेर यायला बघतात. ४३ हर्ट्झचा साइन सूर लावा आणि खोलीत चालून बघा. मध्यावर नाहीसा होईल, भिंतीला टेकलात की पाठीत घुसेल. बसायची जागा लांबीच्या एकतृतीयांशाच्या आसपास आणा, अर्ध्यावर नको.

मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्याकडे बेस म्हणजे काय याची एक ठाम समजूत करून दिलेली आहे. त्या खोक्यांचा जोर बहुधा ६० ते १२० हर्ट्झमध्ये असतो, उघड्या रस्त्यावर छातीत बुक्की बसते ती त्या पट्ट्यात. अँप्लिफायर मर्यादेबाहेर ताणला की लाटेचे माथे छाटले जातात आणि वरून करकर मिसळते. लोक त्यालाच दणका म्हणतात. न्यूक्लिया या भारतीय निर्मात्याने ‘बेस रानी’सारख्या अल्बममध्ये हा रस्त्यावरचा दणका आणि डबस्टेपचा ड्रॉप हुशारीने एकत्र आणले, पण तो मुळात वेगळ्या जातीचा बेस आहे. क्रॉयडनचा सब करकरत नाही. तो आला तेव्हा नीट कळतही नाही, पँटचं कापड हलतं तेव्हा कळतं. डावी-उजवीकडे सबच्या दोन वेगळ्या थप्प्या ठेवल्या तर दोन्हींपासूनच्या अंतरात चार मीटरचा फरक पडेल त्या जागी तो मिटतो, म्हणून जाणते लोक सगळे सब मधोमध एकत्र रचतात. आणि कानांची काळजी: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, १०० ला पंधराच मिनिटं. स्पंजचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, मग सगळं रजईतून ऐकल्यासारखं येतं. संगीतासाठीचे सपाट फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते घ्यावेत. बेस तसाही अंगाला जाणवतो.

‘फॉरवर्ड’च्या रात्रींतली एक रीत आपल्या संगीत नाटकवाल्यांना लगेच कळेल. ड्रॉप जमला की गर्दी ओरडायची, डीजे तबकडी हाताने मागे फिरवायचा आणि ट्रॅक पहिल्यापासून सुरू. रीवाइंड. जमैकाच्या साउंड सिस्टिममधून आलेला हा सरळसरळ वन्स मोअर. फरक एवढाच की या तबकड्या बहुतेक वेळा डबप्लेट असत: अजून बाजारात न आलेला ट्रॅक, ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या मऊ लाखेत एकेकच कापलेला, अनेकदा दहा इंची. ही लाख विनाइलपेक्षा फार मऊ. सुई प्रत्येक फेरीला तिची थोडी साल काढते, काही डझन वेळा वाजली की संपली. ज्या ट्रॅकला जास्त वन्स मोअर, त्याची तबकडी लवकर झिजायची. आधी हायहॅटची चमक जायची, मग स्नेअरची धार. खालचे रुंद, सावकाश वळणाचे चर तेवढे टिकायचे, आणि महिनाभराने तबकडीत ऐकण्यासारखा बेसच काय तो उरायचा.